दिशाच्या रॉडबद्दल खुलासा

नाशिक,
गुरुवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप दादास,

चंदीचा साष्टांग नमस्कार. (तुझं सध्याचं वागणं साष्टांगाच्या लायकीचं नाही, पण पत्राला काही रीत असते.) तुझी शुगर, वहिनींची पाठ, पॉलिहाऊसमधले गुलाब आणि नवी कालवड, सगळी मंडळी ठीक आहेत असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं, कारण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. पाठच्या बहिणीला ब्लॉक करणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच पुरुष. आपल्या काकांचं आणि अण्णांचं बांधावरून जन्मभर भांडण होतं, पण ते निदान एकमेकांना समोरासमोर शिव्या द्यायचे. असो. हे पत्र लहानूच्या हाती देते आहे. तो तुझी फुलं घेऊन रोज बाजारात येतो, जाताना पिकअप रिकामीच असते, त्यात एक पाकीट जड होणार नाही. शिवाय पत्राचा मोठा फायदा असा, की तुला मध्येच "ए चंदे, मुद्द्याचं बोल" असं म्हणता येत नाही.

तर सर्वप्रथम, तुझ्या कन्येकडून माझ्यावर झालेल्या अन्यायाची दखल घ्यावी. आज आमच्या घरात चहाची गाळणी नाही. होती. स्टीलची, बारीक जाळीची, भद्रकालीतल्या चार दुकानांत फिरून पारखून आणलेली. दिशाने तिच्यातून पेट्रोल गाळलं. गाळलं ते गाळलं, वर ती साबणाने धुऊन, लिंबू घासून, गुपचूप जागेवर लावून ठेवली. सकाळी मी नेहमीसारखा चहा केला. ह्यांनी एक घोट घेतला, थांबले, आणि विचारलं की पत्ती बदललीस का, आज चहाला काहीतरी दम आहे. आणि दुसरा कप मागितला. (इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या चहाला मिळालेली ही पहिली दाद, तीही पेट्रोलला.) नंतर मी चहा ओढणीने गाळून पाहिला. ओढणी निळी होती. पुढचं लिहीत नाही.

गाळणीत पेट्रोल कशाला, तर घरात इंजिन आहे म्हणून. आणि घरात इंजिन कशाला, तर तुझी मुलगी शर्यतीची गाडी चालवते म्हणून. (हे वाक्य बसून वाच. वहिनींना पाणी आणायला सांग.) तू तिला आमच्याकडे ठेवून मेकॅनिकलला घातलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे एक गार केबिन, फिरती खुर्ची आणि चहा आणून देणारा शिपाई होता. पोरगी मात्र पहिल्या वर्षापासून ऑइलात हात घालून बसली आहे. त्यांच्या कॉलेजच्या मुलांनी गो-कार्ट बनवली आहे. गो-कार्ट म्हणजे काय, तर मोटारीतून छप्पर, दारं, काचा, गादी, म्हणजे आपण ज्याचे पैसे देतो ते सगळं काढून टाकलं की जे उरतं ते. जमिनीपासून चार बोटं वर बसायचं आणि सुटायचं. येत्या रविवारी मुंबई रस्त्यावरच्या ट्रॅकवर शर्यत आहे. गाडी दिशा चालवणार, कारण सगळ्यांत वेगवान तीच आहे. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या पोरांनी तोंड वाकडं करून सांगितलं, म्हणून मी खरं मानलं.

पण मागच्या आठवड्यात सराव करताना इंजिन जाम झालं. आतला कनेक्टिंग रॉड खराब झाला. तेव्हा त्यांच्यातला एक शहाणा म्हणाला, "तू बांधलंस की असंच होणार. यापुढे तू नुसती चालव, बांधायचं आमच्यावर सोड." त्यावर दिशा म्हणाली, "जो बांधेल तोच चालवेल. शनिवारपर्यंत माझ्याच्यानं इंजिन बसलं नाही, तर गाडी तुझी." आता हे बोलणं कुणाचं आहे ते ओळख. पॉलिहाऊसचा ठेकेदार पळून गेल्यावर बँकेच्या साहेबापुढे असंच कोण बोललं होतं? तर अशा रीतीने इंजिन माझ्या डायनिंग टेबलावर आलं आणि आम्ही हॉलमध्ये जमिनीवर बसून जेवू लागलो. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी बेअरिंगं, ओव्हनमध्ये इंजिनाची पेटी. एक गार करून आकसवायचं, दुसरं तापवून फुलवायचं, मग ते एकमेकांत अलगद बसतं. (लग्न जुळवतानाही हे करून बघायला हरकत नाही, पण आपल्याकडे दोन्ही बाजू आधीच तापवून आणलेल्या असतात.)

आता रॉडचं. हे नीट वाच, कारण पुढचं सगळं रामायण यातून घडलं. पिस्टन वरखाली होतो, क्रँक गोल फिरतो, आणि दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याच्या खालच्या टोकाला दोन तुकड्यांची कडी असते. ती क्रँकच्या पिनेभोवती बसवून दोन बोल्टांनी आवळायची. गंमत अशी, की कडी पिनेला घट्ट धरून चालत नाही. दोघांच्या मध्ये केसाहूनही बारीक फट लागते. त्या फटीत तेल शिरतं आणि तेलावर सगळं फिरतं. फट कमी पडली तर तेल शिरत नाही, रॉड तापतो आणि जाम होतो. जास्त झाली तर खडखडतो आणि एक दिवस इंजिन फोडून बाहेर येतो. ही फट मोजायला एक मऊ प्लास्टिकचा हिरवा धागा मिळतो. तो पिनेवर आडवा ठेवायचा, कडी आवळायची, परत उघडायची. धागा शेवईसारखा चपटा झालेला असतो. जितका जास्त पसरला तितकी फट कमी. अट एकच, धागा आत असताना क्रँक फिरवायचा नाही. दिशाने पहिला धागा ठेवला, बोल्ट आवळले आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात आमच्या सासूबाईंनी क्रँक फिरवून पाहिला. ("जात्यासारखं दिसतंय, म्हटलं फिरतंय का बघावं.") धाग्याचं पीठ झालं. दुसरा धागा ठेवला, तो पापडासारखा पसरला. म्हणजे रॉड घट्ट.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग आपल्या अंबूआत्याचा फोन आला. तुला माहीतच आहे, आत्या आमच्या सासूबाईंना रोज फोन करते. (दोघी एकमेकींना तुझ्या आणि माझ्या तक्रारी सांगतात. आपण दोघं मिळून त्यांची मैत्री टिकवतो आहोत.) मी भाजी चिरत होते, फोन स्पीकरवर होता. म्हणून हे संभाषण अक्षरशः देते, एकही शब्द माझा नाही.

"दिशी कुठं हाय?"

"बसलीये रॉडपाशी. जाम झालं होतं ना, म्हणून नवा रॉड टाकला."

"आगं बया! कधी?"

"परवा. पण लय घट्ट बसलाय. दोन बोल्ट काढलेत, सगळं उघडून ठेवलंय. आत गॅप नाही राहिली म्हणे, परत बसवावा लागंल."

"उघडं ठेवलंय?"

"वरून फडकं टाकलंय की. धूळ नको बसायला."

दादा, यात खोटा शब्द दाखव. एक नाही. पण आपल्या जिल्ह्यात रॉड म्हटलं की माणसाच्या मनात इंजिन येत नाही, पाय येतो. पिंपळगावपासून घोटीपर्यंत ज्या घरात एक मोटारसायकल आहे त्या घरात एक रॉड आहे. लग्नात जेवणावळीला बसलं की शेजारचा ताटावरून उठायच्या आत आपला एक्सरे सांगतो. अशा मुलखात तरण्या मुलीला रॉड टाकला, तो चुकीचा बसला, बोल्ट काढून पाय उघडा ठेवला आणि वर फडकं टाकलं, ही बातमी पोहोचायला किती वेळ लागणार? आत्याने ती वस्तीवर सांगितली, वस्तीने दिंडोरीत, आणि दिंडोरीतून ती कांद्याच्या गाडीत बसून विंचूरला गेली.

विंचूरच्या कुसाबाईंचा, म्हणजे तू दिशासाठी ठरवत असलेल्या मयूररावांच्या मातोश्रींचा, मला फोन आला तो त्याच दुपारी. मी तेव्हा दिशाला टॉर्च धरून उभी होते, माझ्या डोक्यात इंजिनाशिवाय काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "दिशाला रॉड टाकला म्हणे?" मला भरून आलं. म्हटलं, काय हे लोक! सून घरात यायच्या आधी तिच्या आवडीनिवडींची एवढी चौकशी! मी उत्साहाने सांगितलं, की हो, टाकला, आणि विशेष म्हणजे तिचा तिनेच टाकला.

"तिनंच?"

"कुणाला हात लावू देत नाही. मी नुसता टॉर्च धरते."

मग त्यांनी विचारलं की आता कसं आहे. मी म्हटलं, जरा घट्ट बसलाय, पॉलिश पेपरने घासून सैल करणार आहे, आणि रविवारी पळवून बघायचं. "रविवारी पळवणार?" म्हटलं, हो, फुल. मग त्यांनी विचारलं, "टाके किती?" मला ऐकू आलं, "टाकी किती?" मी सांगितलं, एकच, छोटीशी, स्टीअरिंगखाली. त्यांनी "बरं, सांभाळा" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी त्यांच्याकडून तुला निरोप आला की पत्रिकेत नाडीदोष निघाला. नाडीदोष! विंचूरकरांचं सौजन्य बघ, रॉडला त्यांनी नाडी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूआत्याने टेम्पो भरून माणसं आणली. शहाळी, सफरचंदं, हाडं जुळायला डिंकाचे लाडू, आणि वस्तीवरच्या चार बायका, ज्यांच्यापैकी दोघींना दिशा कोण हेच माहीत नव्हतं. दार दिशानेच उघडलं. हातात पाना, गालाला ग्रीस. आत्या उंबऱ्यातच बसली. दोन्ही हातांनी तिने पोरीचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपले.

"कंचा पाय, गं माय?"

"कुठलाच नाही, आजी."

"कुठलाच नाय म्हंजी? दोन्ही?"

दिशाने तिला हाताला धरून टेबलापाशी नेलं, रॉड दाखवला, कडी दाखवली, धागा दाखवला. मागच्या बायकांचे चेहरे पडले. (आजाऱ्याला भेटायला भाड्याच्या टेम्पोतून यावं आणि आजारी माणसाने नाचत दार उघडावं, यासारखी फसवणूक नाही.) पण आत्याने सगळं ऐकून घेतलं, रॉडला हळदीकुंकवाच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जाहीर केलं, "मोडला व्हता. काल मोडलेलाच व्हता. गडावरच्या आईनं रातीत सांधला." तिला किती समजावलं, उपयोग नाही. एवढा मोठा चमत्कार हातचा घालवायला ती काय खुळी आहे? मग सगळ्या जणींनी बसून डिंकाचे लाडू खाल्ले, हाडं मजबूत केली आणि गेल्या.

आणि मग तुझा फोन. तू काय बोललास ते परत लिहीत नाही, शाळेत हे पत्र टेबलावर पडलेलं असताना कुणी वाचलं तर माझी शिक्षिकेची नोकरी जाईल. थोडक्यात, मी मुद्दाम अफवा पसरवून तुझं जमलेलं स्थळ मोडलं, इंजिन-बिंजिन सगळं माझंच खूळ, आणि दिशाने शनिवारी सकाळी बॅग भरून घरी यायचं. मग तू मला ब्लॉक केलंस. त्यामुळे त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, आणि तेवढंच सांगण्यासाठी मी इतकी पानं खरडते आहे.

फोन स्पीकरवर नव्हता, पण तुझा आवाज तुला माहीत आहे. दिशाने सगळं ऐकलं. रडली नाही. गॅलरीत जाऊन नटबोल्टांचे पाने पुसत बसली, पुसलेलेच पुन्हा. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आत्या, शनिवारी जायचंच आहे तर त्याआधी एवढं बसवून जाते. चालवेल तो. निदान जाम तरी होणार नाही." म्हणजे जी गाडी दुसराच कुणीतरी पळवणार, तिचा रॉड नीट बसावा म्हणून ही बसली. दादा, मी तुझ्यावर रागावले होते, ती त्या क्षणी खरी रागावले.

पिनेवरून केसाच्या अंशाएवढं घासून काढायचं होतं. कमी पडलं तर पुन्हा घासता येतं, जास्त झालं तर परत चिकटवता येत नाही, आणि दुसरा क्रँक कुणाकडे नाही. पिनेभोवती तेल लावून पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळायची, त्यावर दोरीचा वेढा, आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. थेट रवी. क्रँक मी दोन्ही हातांनी धरला, दोरी दिशाने ओढली, आणि सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या, "लोणी वर आलं की सांगते" म्हणून. थोडं ओढायचं, पुसायचं, धागा ठेवायचा, आवळायचं, उघडायचं, बघायचं. पुन्हा तेच. माझे हात भरून आले. धागा प्रत्येक वेळी जरासा कमी पसरत होता. शेवटी तो जवळजवळ हवा तेवढा आला, आणि मी म्हटलं, आण, अजून चार हात मार, म्हणजे एकदाचं होईल. सासूबाई म्हणाल्या, चार काय, दहा मार. दिशाने दोरी खाली ठेवली. म्हणाली, "नाही. आता पिन गरम आहे. गरम असताना मोजलं की फसतं. गार होऊ दे." आणि खरंच गार होईपर्यंत नुसती बसून राहिली. मग धागा ठेवला, आणि तो अगदी कागदावरच्या रेघेएवढा आला. आपल्या घराण्यात वेळेवर थांबलेलं हे पहिलं माणूस. अण्णांना थांबता आलं नाही, तुला येत नाही, मला तर नाहीच (पानं मोज).

तिने तेल घालून रॉड बसवला, बोल्ट आवळले, आणि एका बोटाने दांडा वर उचलून सोडला. तो आपल्याच वजनाने हळूच खाली आला. अडकला नाही, खडखडला नाही. ती एवढंच म्हणाली, "बसला." मग मात्र रडली.

मी मराठी शिकवते, त्यामुळे घट्ट आवळलं की जाम होतं आणि थोडी जागा ठेवली की फिरतं, यावरून मला एक सुंदर निबंध सुचतो आहे. तो मी लिहीत नाही. हा तुला टोमणा नाही. (आहे.)

वहिनींना नमस्कार, कालवडीला वैरण. थोरांना लिहिताना काही कमीजास्त झालं असेल तर ते कमीच झालं आहे असं समज.

तुझी धाकटी, ब्लॉक केलेली,
चंदी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. कॉलेजचा टेम्पोवाला ऐन वेळी फिरला आहे आणि गाडी ट्रॅकवर न्यायला वाहन नाही. शनिवारी फुलं उतरवली की तुझी पिकअप रविवार संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. लहानूशेजारची सीट रिकामी असते, तिथे कुणी बसून आलं तर आमची हरकत नाही. आल्यावर बोलायचं नसेल तर बोलू नकोस. लांबून बघ. तिचं हेल्मेट लाल आहे. मी दिशाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिची बॅग भरून दारापाशी ठेवली आहे. ती गावाकडे न्यायची की ट्रॅकवर, ते ड्रायव्हरला तू सांगायचंस.

ता. क. २. "टाके" आणि "टाकी" यांतला फरक मला कळतो. पोट भरण्यासाठी मी तोच शिकवते. कुसाबाईंचा फोन अगदी स्पष्ट ऐकू येत होता, आणि टाके म्हणताच त्या कशाबद्दल बोलताहेत ते माझ्या लक्षात आलं. दिशाने तुला हे स्थळ नको म्हणून दिवाळीत सांगितलं होतं, संक्रांतीला सांगितलं होतं. तेव्हा तुला ऐकू आलं नव्हतं. मलाही एकदा नीट ऐकू आलं नाही, एवढंच. आता हवं तर हे पत्रही ब्लॉक कर.

ता. क. ३. अंबूआत्या टेम्पो आणायच्या आदल्या रात्री देवीला बोलली होती, की पोरीचा पाय सरळ झाला तर गडावर पायऱ्यांनी चढून ओटी भरीन, ट्रॉलीत बसणार नाही. पाय मोडलाच नव्हता तर नवस कसला, असं मी तिला म्हटलं. तर म्हणाली, "मागताना खरं व्हतं ना माझं?" तिच्या गुडघ्यांना आता उंबरा झेपत नाही, आणि तरी ती निघणार म्हणून बसली आहे. म्हणून काल अर्धी रजा टाकून मी वणीची एस्टी धरली आणि पायऱ्यांनी चढून आले. खण, नारळ, तिच्या नावाने ओटी. काय बोलावं सुचेना. शेवटी पोरीचे पाय सरळ आहेत एवढंच सांगितलं, तेवढं खरं होतं. प्रसाद लहानूजवळ पुडीत दिला आहे. आत्याच्या हातावर ठेव आणि नवस फिटला म्हणून सांग. कुणी फेडला विचारलं, तर तुला माहीत नाही.